१९ मेचा वाटसरू

चीनच्या सहलीवर गेलेल्या मंडळींना ग्वेलिन शहरात दूशियू नावाचे एक शिखर दाखवले जाते. शहराच्या ऐन मध्यात, सपाट भूमीतून एकाएकी उभा राहिलेला चुनखडीचा हा सुळका आहे. पायथ्याशी मिंग काळातील राजवाड्याची तटबंदी आणि तिच्या आवारात विद्यापीठाच्या इमारती आहेत. तिकीट काढावे, पायऱ्या चढाव्यात, माथ्यावरून शहर आणि ली नदी न्याहाळावी, छायाचित्रे काढावीत आणि सांगितलेल्या वेळेत खाली येऊन बसमध्ये बसावे, असा हा थोडक्या वेळाचा मामला.

१६३७ साली याच सुळक्यावर चढण्यासाठी एक मनुष्य महिनाभर ग्वेलिनमध्ये तिष्ठत राहिला होता. शिखर राजपुत्राच्या वाड्याच्या आत होते आणि सामान्य माणसाला तेथे मज्जाव होता. आज या, उद्या या, अमुक विधी आटोपल्यावर या, असे निरोप मिळत राहिले. या मनुष्याने तोवर आसपासच्या बहुतेक गुहा आणि टेकड्या पालथ्या घातल्या, यांगश्वोपर्यंत नदीतून प्रवास केला, परत येऊन पुन्हा विचारणा केली. अखेर शिखर न चढताच त्याला पुढची वाट धरावी लागली. त्याचे नाव शू शियाके. त्याच्या रोजनिशीतील पहिल्या नोंदीचा दिवस, म्हणजे १९ मे, हा २०११ पासून चीनमध्ये राष्ट्रीय पर्यटन दिन म्हणून पाळला जातो. ज्याला तिकीट मिळाले नाही, त्याच्याच नावाने पर्यटनाचा सण साजरा व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

शू शियाकेचा जन्म जानेवारी १५८७ मधला. ज्यांगसू प्रांतातील ज्यांगयिन हे त्याचे गाव यांगत्से नदीच्या दक्षिण तीरावर आहे. मूळ नाव शू होंगझू. शियाके हे मित्रमंडळींत रूढ झालेले टोपणनाव, त्याचा अर्थ साधारणपणे तांबूस ढगांचा पाहुणा असा होतो. घराणे जमीनदारांचे आणि विद्येचा वारसा सांगणारे. पण या वारशाला एक जुनी जखम होती. त्याच्या खापरपणजोबांचे, शू जिंग यांचे नाव १४९९ च्या राजधानीतील परीक्षेच्या गैरव्यवहारात गोवले गेले आणि त्यांना सरकारी नोकरीचे दार कायमचे बंद झाले. प्रख्यात चित्रकार तांग यिन हाही त्याच प्रकरणात होरपळला. मिंग काळातील चीनमध्ये सुशिक्षित पुरुषाच्या आयुष्याचा राजमार्ग परीक्षा, पद आणि प्रतिष्ठा असा ठरलेला होता. शियाकेच्या वडिलांनी त्या मार्गाकडे पाठ फिरवली होती आणि अधिकारी मंडळींचा सहवासही ते टाळत. मुलाने तोच कित्ता गिरवला. अभ्यासाच्या पाठ्यग्रंथाखाली भूगोलाची आणि प्रवासाची पुस्तके लपवून वाचणारा मुलगा अशी त्याची बालपणीची आठवण चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे.

वडील १६०४ मध्ये वारले, तेव्हा शियाके सतरा वर्षांचा होता. आता त्याच्या वाटेत आईचे एकटेपण उभे होते. आईवडील हयात असताना मुलाने दूर जाऊ नये, ही कन्फ्यूशियसच्या परंपरेची शिकवण. ती मोडणे म्हणजे नुसता हट्ट नव्हे, तर लोकापवाद. हा पेच आईनेच सोडवला. माजघरात माग चालवून उत्तम कापड विणणारी, वालाच्या वेलींच्या मांडवाखाली बसून कारभार पाहणारी ही बाई होती. मुलाने खुराड्यातल्या कोंबडीसारखे किंवा जोखडाला बांधलेल्या जनावरासारखे घरात राहू नये, असे तिला वाटे. तिने त्याच्यासाठी प्रवासाची टोपी स्वतः तयार केली आणि त्याला वाटेला लावले. १६०७ मध्ये तो ताय सरोवराच्या परिसरात हिंडून आला. ती त्याच्या भटकंतीची सुरुवात मानतात. पुढे १६२४ मध्ये, ऐंशीला टेकलेली ही आई मुलाबरोबर जवळच्या डोंगरांच्या प्रवासाला निघाली आणि आपले पाय अजून धडधाकट आहेत हे दाखवण्यासाठी त्याच्या पुढे पुढे चालू लागली. पुढल्याच वर्षी ती वारली. तिच्या दुखण्यातून उठण्याच्या आनंदात मुलाने छिंगशान नावाचे जे दालन बांधले होते, त्यात मित्रांनी तिच्याविषयी लिहिलेले लेख दगडांवर कोरून बसवले आहेत. ज्यांगयिनला त्याचे घर पाहायला जाणाऱ्यांना ते आजही पाहता येतात.

१९ मे १६१३ रोजी तो च-ज्यांग प्रांतातील निंगहाय गावाच्या पश्चिम दरवाज्यातून तियानताय पर्वताकडे निघाला. पहिल्याच दिवशी वाटेत वाघांचा उपद्रव असल्याचे कळले आणि मुक्काम लवकर टाकावा लागला. पर्यटन दिनाच्या समारंभात या वाघांची आठवण कोणी काढत असेल असे वाटत नाही.

शियाकेविषयी एक समज चांगलाच रुजला आहे, की त्याने एकट्याने चीन पायाखाली घातला. त्याची रोजनिशी मात्र पानोपानी निराळी हकिगत सांगते. त्याच्यासोबत नोकर असत, ओझेकरी असत, वाट दाखवणारे शेतकरी आणि भिक्षू असत. त्याच वर्षी यानदांग पर्वतावर जुन्या ग्रंथांत सांगितलेले सरोवर शोधताना तो एका कड्यावर अडकला. तेव्हा बरोबरच्या नोकरांच्या पायांना गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या सोडून, त्या एकत्र बांधून दोर करण्यात आला. आधी नोकर खाली उतरला, मागून मालक. खाली पाऊल ठेवण्यापुरती कपार, तिच्यापुढे दरी. परत वर चढताना खडकाच्या धारेने पट्टी तुटली. ती पुन्हा जोडून जीव वाचवावा लागला. सरोवर मिळाले नाही ते नाहीच. पण १६३२ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी, तो तेथे पुन्हा गेला, माथ्यापर्यंत चढला आणि यानदांगच्या प्रसिद्ध मोठ्या धबधब्याचे पाणी त्या सरोवरातून येत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आला. जुन्या ग्रंथातील एक चूक खोडण्यासाठी वीस वर्षे मनात गाठ मारून ठेवणारा हा मनुष्य होता.

ह्वांगशानवर तो दोनदा गेला, १६१६ आणि १६१८ साली. पहिल्या खेपेस पायऱ्या बर्फाखाली गोठून गुळगुळीत झाल्या होत्या. काठीने बर्फात एक खाच करायची, तीत एक पाऊल टेकवायचे, मग दुसरी खाच, असा तो वर सरकला. दुसऱ्या खेपेस तियानदू आणि कमळ ही दोन्ही शिखरे चढून त्याने कमळ शिखर अधिक उंच असल्याचा निर्वाळा दिला, तोही प्रचलित समजुतीच्या विरुद्ध. आधुनिक मोजणीने कमळ शिखर १८६४ मीटर आणि तियानदू १८१० मीटर भरले. ह्वांगशान पाहिल्यावर चीनमधील इतर पर्वत पाहावेसे वाटत नाहीत, अशा आशयाचे एक वचन तेथील मार्गदर्शक त्याच्या नावावर हमखास सांगतात. रोजनिशीत ते त्या रूपात नाही. असो, जाहिरातीला चांगले वाक्य लागते आणि मेलेला लेखक तक्रार करीत नाही.

त्याच्या आयुष्यातील खरा प्रवास १६३६ च्या शरद ऋतूत सुरू झाला. वय पन्नाशीला आलेले, आईचा पाश सुटलेला, मुले मोठी झालेली. नैऋत्येकडचे ग्वांगशी, ग्वेझोऊ आणि युनान हे प्रांत पाहायचे राहिले होते, आणि आणखी उशीर केला तर ते राहूनच जातील अशी धास्ती त्याला होती. निघाले चौघे. शियाके, दोन नोकर आणि गावाकडचाच एक बौद्ध भिक्षू जिंगवेन. या भिक्षूने स्वतःच्या रक्ताने सद्धर्मपुंडरीक सूत्राची प्रत लिहिली होती आणि ती युनानमधील जीझूशान या पवित्र पर्वतावर नेऊन अर्पण करायचा त्याचा संकल्प होता. जीझूशान म्हणजे कोंबड्याच्या पायाचा डोंगर, आपल्या ग्रंथांतील कुक्कुटपाद. बुद्धाचा शिष्य महाकाश्यप मैत्रेयाची वाट पाहत जेथे समाधिस्थ आहे तो हा पर्वत, अशी चिनी भाविकांची श्रद्धा. मूळ कुक्कुटपाद बिहारात गयेच्या बाजूला. पण श्रद्धेने तो उचलून युनानमध्ये नेऊन ठेवला होता.

चौघांतला एक नोकर सुरुवातीलाच पळून गेला. उरले तिघे.

१६३७ च्या आरंभी हुनान प्रांतात छालिंगजवळ माये नावाच्या गुहेपाशी घडलेला प्रसंग मोठा बोलका आहे. आत नागराक्षस आणि भुतेखेते आहेत, मंत्र जाणणाऱ्याशिवाय कोणी आत पाऊल टाकू शकत नाही, असे गावकरी सांगत. पलिते मिळाले, पण वाटाड्या मिळेना. शेवटी भरपूर पैशांवर एक जण तयार झाला. कपडे उतरवून आत शिरण्याच्या बेतात असताना त्याने शियाकेला विचारले की आपण कोणत्या पंथाचे मांत्रिक. आपण मांत्रिक नसून साधा शिकलेला माणूस आहोत असे शियाकेने सांगताच वाटाड्या मागे फिरला. मग शियाके आणि उरलेला नोकर गू शिंग हे दोघेच पलिते घेऊन अरुंद भोकातून पाय आधी घालून आत सरपटले. बाहेर कोयते-फावडी घेतलेले शेतकरी, मुले कडेवर घेतलेल्या बाया आणि गुराखी यांची गर्दी जमली. कोणी पुढे येईना आणि घरीही जाईना. दोघे धडधाकट बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांना मोठे सिद्धपुरुष ठरवून टाकले. गुहा आतून फार सुंदर होती, एवढेच शियाकेचे म्हणणे होते.

थोड्याच दिवसांनी, मार्च महिन्यात, श्यांग नदीवर हंगयांगजवळ रात्री त्यांच्या नावेवर दरोडा पडला. शियाकेने अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली. दरोडेखोरांनी माल लुटून नाव पेटवून दिली. भिक्षू जिंगवेन मात्र नाव सोडून गेला नाही. जखमा झाल्या असताना त्याने आगीतून आपले सूत्र वाचवले, आणि सूत्राबरोबर शियाकेचे काही कागदही. हंगयांगमधील ओळखीच्यांनी परत फिरण्याचा सल्ला दिला. शियाकेने तो मानला नाही. आपल्याबरोबर कुदळ आहे, हाडे पुरायला जागा कुठेही सापडेल, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि गावाकडच्या जमिनीच्या भरवशावर कर्ज काढून तो पुढे निघाला. त्याच्या या उत्तराचे आजवर पुष्कळ कौतुक झाले आहे. पण हाडे कोणाची, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही.

जिंगवेन त्या जखमांतून नीट सावरलाच नाही. ग्वेलिनच्या गुहा झाल्या, नदीप्रवास झाला, आणि ग्वांगशीच्या दमट हवेत आधी भिक्षू, मग नोकर, दोघेही आजारी पडले. नाननिंगच्या एका मठात जिंगवेनला ठेवून शियाके पश्चिमेकडील डोंगर पाहायला निघून गेला. १६३७ च्या नोव्हेंबरात, तो दूर असताना, जिंगवेन मरण पावला. शियाके परतला तो पुढच्या जानेवारीत. त्याने सहा शोककविता लिहिल्या, अस्थी गोळा केल्या आणि सूत्राच्या प्रतीबरोबर त्या आपल्या सामानात ठेवल्या. जीझूशान अजून वर्षभराच्या वाटेवर होते.

त्या वर्षातली रोजनिशी वाचताना मन द्विधा होते. एका बाजूला मित्राच्या अस्थी पाठीवर घेऊन चाललेला, ग्वेझोऊमध्ये ह्वांगग्वोशूच्या प्रचंड धबधब्यापुढे स्तब्ध उभा राहिलेला माणूस दिसतो. दुसऱ्या बाजूला, ग्वांगशीत हाती आलेल्या सरकारी परवान्याच्या जोरावर गावागावांतून फुकटचे ओझेकरी आणि जेवण वसूल करणारा जमीनदारही दिसतो. कुठे लोक दारे लावून घेत, कुठे पळून जात, आणि शियाके त्याबद्दल त्राग्याने लिही. ग्वेझोऊमध्ये एका ओझेकऱ्याने त्याचे पैसे चोरून पोबारा केला, याची तक्रारही तो करतो. आपण पाहिलेले काहीच झाकून न ठेवण्याची त्याची सवय एवढी पक्की होती, की स्वतःविरुद्धचा पुरावाही त्याने स्वतःच लिहून ठेवला.

१६३९ च्या जानेवारीअखेर तो जीझूशानवर पोचला. सूत्र शीतान मठात अर्पण झाले आणि अस्थींना पर्वतावरच माती मिळाली. संकल्प दुसऱ्याचा होता, पुरा त्याने केला.

मग जणू ओझे उतरल्यासारखा तो युनानभर फिरला. लीज्यांगला नाशी जमातीचा सत्ताधीश मू झंग याने त्याचे जंगी स्वागत केले. पुढे ऐंशी पदार्थ मांडले गेले. पंगत एवढी लांब पसरली, की दूरच्या ताटात काय आहे हे पाहुण्याला कळेना. यजमानाने आपले लेखन तपासून घेतले, मुलाला शिकवण्याची गळ घातली, पण उत्तरेकडील तिबेटी प्रदेशात जाऊ द्यायला मात्र वाटेतील चोरांचे कारण सांगून नकार दिला. दालीजवळच्या फुलपाखरांच्या झऱ्यावर तो हंगामाआधी पोचला. झाडाला फुले आली की असंख्य फुलपाखरे एकमेकांचे पाय धरून माळांसारखी पाण्यापर्यंत लोंबतात, हे त्याला लोकांकडून ऐकावे लागले. आजही तेथे जाणाऱ्या अनेक सहलींच्या वाट्याला हेच येते. बर्मा सरहद्दीजवळच्या तंगछोंग भागात त्याने ज्वालामुखीचा डोंगर चढून तेथले सच्छिद्र हलके दगड न्याहाळले आणि उष्ण पाण्याच्या उकळत्या कुंडांचे वर्णन केले. यांगत्सेचा मुख्य उगम मिन नदी नसून जिनशा ही नदी आहे, हे त्याने एका स्वतंत्र निबंधात मांडले. शतकानुशतके प्रमाण मानलेल्या ग्रंथाला दिलेला हा धक्का होता. तीनशेहून अधिक गुहा त्याने पाहिल्या. त्यांतील ग्वेलिनच्या सप्तर्षी गुहेचे त्याने केलेले वर्णन विसाव्या शतकातील पाहणीशी ताडून पाहिले गेले, तेव्हा ते आश्चर्यकारकरीत्या जुळले. त्याच्यापाशी पलिता, काठी आणि पावले मोजण्याची सवय, एवढीच साधने होती.

१६३९ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा जीझूशानवर मुक्कामाला होता. एके दिवशी गू शिंग पेट्यांतील पैसाअडका घेऊन निघून गेला. मठातील भिक्षू पाठलागाला तयार झाले. शियाकेने त्यांना थांबवले. तो सापडेल असे नाही, आणि सापडला तरी त्याला बळेच परत आणता येणार नाही, असे त्याने लिहिले. तीन वर्षे शरीर आणि सावलीप्रमाणे एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एकाने घरापासून इतक्या दूर दुसऱ्याला असे टाकून जावे, याचे दुःख त्या नोंदीत आहे. गू शिंगची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. दरोडा, ताप, उपास आणि वाटेतले सारे ओझे त्याच्याही वाट्याला आले होते, आणि प्रवास कोठे थांबणार हे ठरवण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. चौघांच्या त्या तुकडीतला आता एकटा शियाके उरला. या घटनेनंतर चारच दिवसांनी, आज उपलब्ध असलेली रोजनिशी संपते.

मू झंगच्या विनंतीवरून त्याने जीझूशानचा वृत्तान्त लिहिला. तोवर पाय निकामी झाले होते. ज्या माणसाने सारी हयात चालण्यात घालवली, त्याला मू झंगने दिलेल्या माणसांनी डोलीत बसवून सुमारे दीडशे दिवसांत हुबेपर्यंत आणले आणि तेथून तो नावेने १६४० च्या उन्हाळ्यात घरी पोचला. अंथरुणावर त्याने प्रवासातून आणलेले दगड भोवती मांडले होते. बादशहाच्या रोषामुळे तुरुंगात पडलेल्या ह्वांग दाओझोऊ या मित्राच्या भेटीला त्याने थोरल्या मुलाला राजधानीत पाठवले. ८ मार्च १६४१ रोजी त्याचे निधन झाले. वय अवघे चोपन्न.

रोजनिशीचे बाड त्याने घरच्या शिक्षकाच्या, जी मंगल्यांगच्या हवाली केले होते. त्याने ते लावून तयार केले, पण १६४५ मध्ये मांचूंच्या फौजा ज्यांगयिनवर आल्या. त्या धामधुमीत घरातील गुलाम-नोकरांनी उठाव केला. थोरला मुलगा मारला गेला आणि हस्तलिखिते जळाली, विखुरली. जी मंगल्यांगने उरलेले पुन्हा वेचले. त्यानंतर या कामाला हात घातला तो ली जी याने. हा शियाकेचाच मुलगा. पण त्याची आई उपपत्नी होती, आणि तो पोटात असतानाच शियाकेच्या पत्नीने तिला घराबाहेर काढले होते. आईने ली घराण्यात दुसरा संसार केला, मुलगा त्याच आडनावाने वाढला. ज्या बापाच्या घरात त्याला जागा मिळाली नाही, त्याच्या वहीच्या जुन्या नकला शोधत तो गावोगाव हिंडला. एका प्रतीतील वगळलेली, खाडाखोड झालेली पाने दुसरीशी ताडून त्याने मजकूर पुरा केला. पुस्तक छापले गेले ते १७७६ मध्ये, शू घराण्याच्या एका वंशजाकडून. १९२८ मध्ये दिंग वेनज्यांग या भूगर्भशास्त्रज्ञाने नकाशे आणि कालपट जोडून त्याची नवी आवृत्ती काढली आणि आधुनिक चीनला आपल्या या वाटसरूची ओळख पटली.

आज हाती असलेला मजकूर सुमारे सहा लाख चिनी अक्षरांचा आहे. युनान प्रवासाची पहिली वही त्यात नाही. ली जीलाही ती सापडली नव्हती.